रोजगार केंद्र सुधारायचंय? आधी तिथल्या बाकावर बसा

नोंदणीच्या फॉर्मवर 'अनुभव' असा एक रकाना असतो. मानखुर्दच्या एका मावशींनी त्यात 'नाही' लिहिलं होतं. वय ४४. चौदा वर्षं तीन घरची धुणीभांडी, त्याआधी केटररकडे पोळ्या, मधली दोन वर्षं एका अंथरुणाला खिळलेल्या आजींची रात्रपाळी. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म घेतला, संगणकात 'फ्रेशर' निवडलं आणि पुढचं टोकन पुकारलं. तसं बघितलं तर कुणाचंच चुकलं नव्हतं. मावशींना 'अनुभव' म्हणजे ऑफिसातला वाटला. मुलाच्या समोर मोजके पर्याय होते आणि दाराबाहेर लाईन.

असा रकाना बदलायचा कसा, कुणी बदलायचा आणि बदलल्यावर तो टिकवायचा कसा, एवढ्यापुरता हा लेख आहे. संस्थेत नुकतेच रुजू झालेले, वॉर्ड ऑफिसात समाजविकासाचं टेबल मिळालेले, आयटीआयच्या प्लेसमेंटचं काम गळ्यात पडलेले, अशांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. तुमच्या साहेबांनी कुठल्यातरी प्रशिक्षणात 'को-डिझाइन' हा शब्द ऐकलेला असतो आणि परत आल्यावर ते तुम्हाला म्हणतात, "आपणही करूया." मग तुम्ही शोधाशोध करता.

को-डिझाइन म्हणजे मिळून आखणी. सेवा घेणारा आणि सेवा देणारा एका सतरंजीवर बसतात आणि ती सेवा नव्याने मांडतात, पेन दोघांच्या हातात. सर्व्हेत प्रश्न तुमचे असतात. तक्रारपेटीत तक्रार लोकांची असते, पण ती उघडायची किल्ली तुमच्याकडे. इथे प्रश्न कोणता घ्यायचा हेसुद्धा लोकांबरोबर ठरतं.

या पद्धतीचं मूळ कामगार चळवळीत आहे. सत्तरच्या दशकात नॉर्वेतल्या लोखंड व धातू कामगारांच्या युनियनने क्रिस्टन न्यूगॉर्ड या संगणकतज्ज्ञाला बरोबर घेतलं आणि कारखान्यात येणाऱ्या संगणकांबद्दल आपलं म्हणणं तयार केलं. १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या छपाई कामगारांच्या युनियननी संशोधकांबरोबर 'युटोपिया' नावाचा प्रकल्प सुरू केला. वर्तमानपत्राची पानं लावणारे कामगार आणि संगणकाची माणसं एकत्र बसली. हवी ती यंत्रं अजून हाताशी नव्हती, म्हणून पुठ्ठ्याची खोकी मांडली, हा प्रिंटर, हा पडदा असं धरलं आणि काम करून पाहिलं. त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ ला, आपल्या गिरणगावात संप सुरू झाला. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. तिथे उभ्या राहिलेल्या कामांसाठी गिरणी कामगारांच्या मुलांनी काय शिकावं, हे त्यांच्याबरोबर बसून कुणी ठरवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आधी रेघ मारा

लोकांना बोलावण्याच्या आधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातात नसलेलं, उजवीकडे असलेलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही हेच आहे.

उदाहरण नाका कामगाराचं घेऊ. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी हवी तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ही अट १९९६ च्या केंद्रीय कायद्यातून आली. तुमच्या बैठकीत ती हलणार नाही, डावीकडे लिहा. पण नाक्यावरच्या बिगाऱ्याला सोमवारी एक ठेकेदार, मंगळवारी दुसरा. नव्वद दिवस भरतात, दाखल्यावर सही करणारा एक माणूस सापडत नाही. ही सही मिळवायला केंद्रातून कोण मदत करणार, कोणत्या वारी, किती वाजता, हे उजवीकडे.

तसंच बाकीचं. नोकरी शोधणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयम् आहे. त्यातले रकाने तुम्हाला हलवता येणार नाहीत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतलं विद्यावेतन २०२४ मध्ये सरकारने ठरवलं: बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. तेही डावीकडे. पण पोर्टल उघडण्याआधी काउंटरवरचा माणूस समोरच्याला काय विचारतो, कोणत्या भाषेत विचारतो, बसायला सांगतो की उभं ठेवतो, हे सगळं उजवीकडे.

मुंबईत आणखी एक गुंता आहे. शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे, आणि दोघांची जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रं वेगवेगळी. सायन शहरात, कुर्ला उपनगरात. लोकलने एक स्टेशन. वर महापालिका, तिचे वॉर्ड, बचत गटांचं काम बघणारे सामुदायिक संघटक. हमालाचा विषय निघाला की १९६९ च्या कायद्याखालची माथाडी मंडळं, घरकाम करणारीचा निघाला की २००८ च्या कायद्याखालचं मंडळ. कोणतं काम कुणाकडे, हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर लोक एका दारातून दुसऱ्या दारात जात राहतील आणि तुम्ही त्याला 'मार्गदर्शन' म्हणत राहाल.

कागद झाला की केंद्रप्रमुखांकडे जा आणि उजव्या बाजूची निदान एक गोष्ट लेखी मागा: गट जे ठरवेल ते आम्ही दोन महिने करून पाहू. वेळ असेल, फॉर्म असेल, बसण्याची व्यवस्था असेल, कितीही छोटी चालेल. एकही मिळाली नाही तर बैठक घेऊ नका. सरळ सर्व्हे करा आणि त्याला सर्व्हेच म्हणा.

बाकावर बसा, मग बरोबर चाला

दोन दिवस केंद्राबाहेरच्या बाकावर बसायचं. गळ्यात आयकार्ड नको. वही असली तरी उघडायची घाई नको. कोण आत न जाताच परत फिरतं, वॉचमन काय सांगतो, कुणाला झेरॉक्ससाठी पुन्हा खाली पाठवतात, हे नुसतं बघा. आमच्याकडे कळलं की केंद्राची अर्धी माहिती वॉचमनच देत होता, आणि बरीचशी बरोबर देत होता.

तिसऱ्या दिवशी काम शोधणाऱ्या एकाबरोबर, त्याची परवानगी घेऊन, घरापासून केंद्रापर्यंत चला आणि खर्च लिहा. शेअर रिक्षा, लोकलचं तिकीट, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, चहा. शेवटी बुडालेली हजेरी. बुडालेला रोज लिहायला सगळे विसरतात आणि बहुतेकदा तोच आकडा सगळ्यात मोठा असतो.

नेट सेंटरवरही जा. आमच्या वस्तीतल्या नेट सेंटरवाल्याने शेकडो जणांचे ई-मेल आयडी उघडून दिले होते. पासवर्ड त्याच्या वहीत. मुलाखतीचा मेल आला तरी पाहणार कोण? ओटीपी जातो आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर. तो नंबर गावी भावाकडे, नाहीतर नवऱ्याच्या फोनमध्ये, आणि नवरा कामावर. ही अडचण कुठल्याच अहवालात नव्हती. नेट सेंटरवाल्याला मात्र तोंडपाठ होती. त्याला बैठकीला बोलवा.

बोलवायचं कुणाला

यादीतले पहिले वीस घेऊ नका. त्यांना केंद्र जमलेलं असतं. तुम्हाला हवेत ते नोंदणी करून परत न आलेले. नोकरी लागली आणि आठवड्यात सोडली, असे. दारापर्यंत येऊन फिरलेले.

हे लोक फोनवर सापडत नाहीत. सकाळी सात ते नऊ नाक्यावर सापडतात, संध्याकाळी अभ्यासिकेत, दुपारी बचत गटाच्या बैठकीत, आयटीआय सुटल्यावर गेटसमोरच्या वडापावच्या गाडीवर. राजकीय पक्षाच्या शाखेतूनही माणसं मिळतील. मुंबईत नोकरीच्या चिठ्ठीसाठी लोक आधी शाखेतच जातात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सगळा गट तिथूनच आला तर खोलीत एकच सूर लागतो, हे आम्ही एकदा भोगलंय.

अपंग व्यक्ती गटात असायलाच हव्यात, आणि खोली निवडण्याच्या आधी त्यांना विचारायला हवं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आपल्याला पटकन आठवतं ते फक्त व्हीलचेअर आणि पांढरी काठी. केंद्रातली माणसंही हवीत: डेटा एंट्रीवाला, शिपाई, समुपदेशक. माणसं घेणारा एखादा सुपरवायझरही हवा, पण पहिल्या बैठकीला नको. बारा ते पंधरा जण पुरे.

वेळ, जागा, पैसे

आमची पहिली बैठक सकाळी साडेदहाची होती. चौदा बायकांनी हो म्हटलं, आल्या तीन. वस्तीत त्या आठवड्यात पाणी साडेदहालाच यायला लागलं होतं. पाण्याची वेळ, शाळा सुटायची वेळ, शुक्रवारची नमाज, महिन्याची दहा तारीख (पगाराची उसनवारी फेडायचा दिवस) हे आधी वहीत लिहा आणि मग तारीख काढा. जागा बालवाडीची खोली किंवा समाजमंदिर. सरकारी कॉन्फरन्स हॉल फुकट मिळत असला तरी नको. तिथे माणसं खुर्चीच्या कडेवर बसतात.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण नवीन लोक इथेच लाजतात. जो माणूस दिवसाची मजुरी सोडून तुमच्याकडे येतो, त्याला मजुरी द्यायची. चहा-बिस्किटावर भागवायचं नाही. त्याच खोलीत बसलेल्या सल्लागाराला तुम्ही मानधन देता ना? पाकीट बैठकीच्या सुरुवातीला द्या. शेवटी दिलं तर माणूस पाकिटासाठी थांबतो, आणि मधेच उठून जाण्याचा त्याचा हक्क बुडतो. हिशेब विभागाशी भांडण बैठकीनंतर करू नका; प्रस्तावातच 'सहभागींचं मानधन व प्रवासखर्च' असं शीर्ष टाका आणि सहीचं किंवा अंगठ्याचं व्हाउचर ठेवा. खात्यावरच पैसे जायला हवेत असा नियम असेल तर आधी सांगा. पासबुकाची झेरॉक्स आणायला ऐनवेळी कुणाला परत पाठवू नका.

आणि आधारची झेरॉक्स मागू नका. बैठकीला ती कशाला लागते? डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा नसता तरी कपाटात दुसऱ्याच्या आधारच्या झेरॉक्स साठवणं बरं नव्हे. फोटो काढायचा तर विचारून, आणि नाही म्हणणाऱ्याला कोपऱ्यात बसवून नव्हे.

बैठक

सुरुवातीला "तुमच्या अडचणी सांगा" म्हणू नका. लोकांना सरकारी माणसासमोर अडचणी सांगायची सवय असते. त्या पाठ झालेल्या असतात आणि त्यात नवं काही नसतं. त्याऐवजी विचारा, "शेवटचं काम कसं लागलं?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: ओळखीने. मग ओळखीतून काय काय मिळालं ते एकेक करून काढा. आमच्या गटाने सांगितलं: मावसभावाने खरा पगार सांगितला. सुपरवायझर कसा आहे ते सांगितलं. पहिल्या दिवशी गेटवर घ्यायला आला. पहिल्या पगारापर्यंत डब्याचं बघितलं. आता या चारांतलं केंद्र काय देतं? कंपनीचं नाव आणि पत्ता. हा फरक फळ्यावर आला तेव्हा आमच्या समुपदेशक ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पगार तर आम्हालाही खरा सांगत नाहीत."

त्यांच्या या वाक्यासाठी केंद्रातली माणसं खोलीत हवीत. पण पहिल्यांदा दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवा, दुसऱ्यांदा एकत्र. सर्व्हर बंद पडणं, महिन्याचं टार्गेट, वरून येणारा 'आजच्या आज आकडे पाठवा'चा फोन, हे काउंटरपलीकडचं दुखणं लोकांनी कधी ऐकलेलं नसतं. ते ऐकल्यावर राग कमी होईलच असं नाही. पण तो समोरच्या पोरावर निघत नाही.

मतं घ्यायला ठिपक्यांचे महागडे स्टिकर लागत नाहीत. टिकल्यांचं पाकीट आणा. घरून निघण्यापासून पहिल्या पगारापर्यंतचा रस्ता तक्त्यावर काढा आणि जिथे माघारी फिरावंसं वाटलं तिथे टिकली लावायला सांगा. बायका हसत हसत लावतात, पुरुष आधी लाजतात, मग दोन-दोन लावतात. आमच्या तक्त्यावर मला वाटलं होतं टिकल्या फॉर्मवर पडतील. सगळ्यात जास्त पडल्या मुलाखतीनंतरच्या रिकाम्या जागेवर. 'कळवतो' म्हणाले आणि कळवलंच नाही, तिथे. एका मुलाने त्या 'कळवतो'च्या भरवशावर पंधरा दिवस पॅकिंगचं काम घेतलं नव्हतं.

मराठी, हिंदी मिसळून चालू द्या. इतिवृत्त मात्र बोलल्या शब्दांत लिहा. 'उमेदवारांमध्ये संवादाचा अभाव जाणवतो' असं लिहिलंत की ज्याचे पंधरा दिवस वाया गेले त्या मुलाचं वाक्य संपलं.

पुठ्ठ्याचं केंद्र

आता करून बघा. फ्रिजचं खोकं उभं केलं की काउंटर झाला. गटातला एक जण काउंटरच्या आत, डेटा एंट्रीवाला बाहेर लाईनीत. फॉर्म हाताने लिहिलेला, एसएमएस म्हणजे चिठ्ठी. दोन तास हा खेळ चालू द्या. दर वेळी अडकलं की थांबा आणि पुठ्ठा कापा, चिठ्ठी बदला.

मावशींचा रकाना इथे बदलला. गटाने 'अनुभव' खोडून लिहिलं: 'आजवर हातातून कोणकोणती कामं झाली? घरची धरून.' त्याच मावशींना परत विचारलं. त्या बोलायला लागल्या आणि लिहिणाऱ्याला दुसरा कागद घ्यावा लागला. औषधांच्या वेळा, कूस बदलणं, डायपर, रात्री ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला की कुणाला फोन करायचा. रुग्णसेविकेच्या प्रशिक्षणाला पाठवायला हवी अशी बाई आमच्या यादीत 'फ्रेशर' म्हणून पडून होती. पोर्टलवरचा रकाना अर्थात तोच राहिला. बदल इतकाच की आता आधी हा साधा कागद भरतात आणि त्यावरून पोर्टलमध्ये काय टाकायचं ते ऑपरेटर ठरवतो. माणसामागे आठ-दहा मिनिटं जास्त लागतात. ही किंमत आहे, लपवू नका. ऑपरेटरच्या टार्गेटमध्ये ती मिनिटं धरायला लावा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तो कागद ड्रॉवरमध्ये जाईल.

दुसरा बदल 'कळवतो'चा. निवड झाली नाही तर सात दिवसांत तसा निरोप द्यायचा, असं ठरलं. मसुदा साहेबांनी दिला: 'आपली निवड होऊ शकली नाही याबद्दल खेद आहे.' गटातल्या मुलांनी 'खेद' खोडला. "खेद कुणाला झालाय?" त्यांचा मसुदा असा: 'या जागेवर तुमचं झालं नाही. दुसरं काम मिळत असेल तर घ्या, आमच्यासाठी थांबू नका. नोंदणी चालूच आहे.' हाच पाठवायला लागलो.

मोजायचं काय

दोन महिने एकाच केंद्रावर, आठवड्यातून एकच दिवस चालवा. वर पाठवायला 'किती प्लेसमेंट' लागतातच, ते पाठवा. स्वतःच्या वहीत दुसरं मोजा: किती जण दुसऱ्यांदा आले, 'नाही'चा निरोप किती जणांना मुदतीत गेला, तीन महिन्यांनी कामावर कोण टिकलं, आणि सोडलं तर का. शेवटच्या प्रश्नाला फोन करावे लागतात. ते फोन गटातल्या माणसाने केले की खरं उत्तर येतं. आम्ही केले की "तब्येत बरी नव्हती" येतं.

परत जा, आणि कागद मागून घ्या

पहिल्या फेरीनंतर आम्ही पाच महिने वस्तीत फिरकलो नाही. अहवाल लिहीत होतो. गेलो तेव्हा नाक्यावरच्या एकाने विचारलं, "परत फोटो काढायला आलात का?" त्यावर बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. तेव्हापासून पंधरा दिवसांची मुदत घातली आहे. तुम्ही काय सांगितलं, त्यातलं काय केलं, काय केलं नाही आणि का, असा एक कागद मोठ्या अक्षरात चहाच्या टपरीवर लावायचा. 'केलं नाही'चा भाग आधी लिहायचा.

आणि बदली होणारच हे धरून चाला. नव्या पद्धतीचा पाठीराखा साहेब वर्षभरात दुसऱ्या टेबलावर जातो. म्हणून जे ठरलं ते कार्यालयीन आदेशात आणा: पोर्टलआधी भरायच्या कागदाचा नमुना, निरोपाची मुदत, गटाची बैठक किती महिन्यांनी, तिचं मानधन कोणत्या शीर्षातून. आदेशाची प्रत गटातल्या निदान दोघांकडे द्या.

आमच्याकडची एक प्रत मानखुर्दच्या त्या मावशींच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत असते. गेल्या महिन्यात सात दिवसांचे निरोप जायचे बंद झाले, तेव्हा नवीन साहेबांच्या टेबलावर त्यांनी ती पिशवी उघडली, घडी सरळ केली आणि दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मी त्या वेळी बाहेर बाकावर होतो.